कोरडा चमचा, काचेची बरणी

पाळी पुढे-मागे होते, वजन हटत नाही, डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलंय, तर आता ताटातलं लोणचंही बंद करू का मावशी, असं तू परवा विचारलंस. बंद करू नकोस. लोणचं बदल. वर्षाचं तेलकट लोणचं सणावारी बोटभर घे आणि रोजच्यासाठी आठ-पंधरा दिवस पुरेल एवढंच, कमी मिठाचं, बिनसाखरेचं लोणचं फ्रीजमध्ये घालत जा. ते कसं घालायचं आणि कुठे सांभाळायचं ते सगळं आज लिहून देते. जन्मभर आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि घरात सासूबाईंच्या हाताखाली लोणची घातली. दोन्हीकडचं जे खरं ठरलं तेवढंच सांगते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. कुठलंही लोणचं हार्मोन ‘बॅलन्स’ करत नाही. बाटलीवर, मोबाइलवरच्या रीलमध्ये, कोणाच्या तोंडी असं काही दिसलं की पुढे जा. पीसीओएससाठी 2023 साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की अमुकच एक आहार बाकीच्यांपेक्षा सरस आहे असा पुरावा नाही. जो आहार पोषक आहे आणि तुला वर्षानुवर्षं निभावता येईल, तो तुझा. मग लोणच्याचं काम काय? पथ्याचं जेवण बेचव वाटून चौथ्या दिवशी बाहेरून काहीतरी मागवलं जातं ना, ते थांबवणं. मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, वाटीभर कोशिंबीर आणि शेजारी आंबट-तिखट गाजराच्या चार फोडी असल्या की जेवण जेवणासारखं लागतं.

साखर का टाळायची तेही समजून घे, म्हणजे नियम ओझं वाटणार नाही. तुझ्यासारख्या पुष्कळ मुलींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन नावाची संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. त्यामुळे बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं उठतात. म्हणून जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळू न देणं हे आपलं काम. गोड लिंबाचं लोणचं, छुंदा, टोमॅटो सॉस, पराठ्याबरोबरची बाजारची गोड चटणी यांत साखर किती आहे हे जिभेला कळत नाही, कारण वरून मीठ आणि आंबट असतं. मधल्या वेळी पोळीला सॉस लावून गुंडाळी खायची तुझी सवय मला माहीत आहे. तिथे ही बरणी आण.

आता बरणीच्या नियमाबद्दल बोलते, कारण तुझ्या आजोळी तो अजून कुजबुजला जातो. पाळीतल्या बाईने लोणच्याला शिवायचं नाही, लोणचं नासतं. मी लग्न होऊन आले तेव्हा चौथ्या महिन्यात सासूबाईंनी मला बरणीतून लोणचं काढायला सांगितलं. मी अडखळले आणि कारण सांगितलं. त्यांनी वर न बघताच विचारलं, “हात कोरडा आहे ना?” बस, तेवढंच. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण लोणचं कशाने नासतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ओल्या चमच्याने नासतं. मीठ कमी पडलं, फोड खाराच्या वर उघडी राहिली, बरणीच्या गळ्याशी पाण्याचा थेंब राहिला, की नासतं. पाळीच्या हातातून लोणच्यात काही उतरत नाही. ज्या मुलीची पाळी महिना-महिना येत नाही आणि आली की पंधरा दिवस थांबत नाही, तिने तर हा नियम मनातून पुसूनच टाकायला हवा. बरणी तुझी आहे, कधीही हात लाव.

वर्षाच्या लोणच्यात मीठ इतकं का असायचं? आपल्या घरी किलोभर कैरीला पाव किलोच्या आसपास मीठ पडायचं, वरून तेलाचा थर. ते चवीसाठी नव्हतं. बरणी बाहेर, उन्हाळ्या-पावसाळ्यात, वर्षभर राहायची. तिची राखण मीठ आणि तेल करत होतं. फ्रीजमध्ये ती राखण थंडी आणि आंबट मिळून करतात, म्हणून मीठ कमी चालतं. पण हे उलटंही तितकंच खरं आहे. कमी मिठाचं लोणचं ओट्यावर विसरलीस तर ते टिकणार नाही. फ्रीज 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा आणि बरणी दारातल्या कप्प्यात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवायची. दार दिवसातून वीसदा उघडतं, तिथे थंडी टिकत नाही.

बरणी काचेची घे. बिस्फेनॉल ए आणि थॅलेट्स ही प्लॅस्टिकमधली रसायनं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, हे आता चांगलं माहीत झालंय. गरम आणि आंबट पदार्थ प्लॅस्टिकच्या डब्यात ओतायचाच नाही, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तर मुळीच नाही. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं हेही आंबटाला चालत नाही. चिनी मातीची जुनी रंगीत बरणी असेल तर शोभेला ठेव. जुन्या झिलईत शिसं असू शकतं. काचेची बरणी कढत पाण्याने धुवायची, उपडी घालून निथळू द्यायची, मग उन्हात ठेवायची. ऊन नसेल तर मंद आचेवर तव्यापासून चार बोटं वर धरून आतली वाफ घालव. बोट फिरवल्यावर बोट कोरडं राहिलं पाहिजे.

तीन तऱ्हा शिकलीस की पुरे आहे. पहिल्या दोन झटपट सांगते, तिसरीवर थांबू.

पहिली, थंडीतलं ताजं लोणचं. तुझ्या आईचं आवडतं. गाजर, फ्लॉवरचे तुरे, थोडा मुळा, आंबट ओला आवळा असेल तर तोही, मिळून अर्धा किलो. धुवून, फडक्यावर पसरून तासभर कोरडं करायचं, मगच चिरायचं. त्यात पाच-सहा रसदार लिंबांचा रस, चहाचे अडीच चमचे मीठ, एक चमचा हळद, हिंग, तळून कुटलेली अर्धा चमचा मेथी. मोहरीची डाळ तीन पोह्याचे चमचे, पण ती कोरडी टाकू नकोस, फेसून टाक. दोन चमचे पाणी घालून खलबत्त्यात किंवा छोट्या मिक्सरमध्ये ती घोटत राहायची. आधी नुसता पिवळा लगदा असतो, वास कडवट. घोटता घोटता पांढुरकी होते, फुलते, आणि एका क्षणी नाकात जाते, डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा थांबायचं. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एन्झाइम काम करतं आणि तो झणका तयार होतो. लिंबाचा रस आधी घातलास तर ते काम मंदावतं, म्हणून आधी पाणी, झणका आल्यावर आंबट. वरून दोन चमचे तेलाची फोडणी, पूर्ण गार करून. हे लोणचं दुसऱ्या दिवसापासून खा आणि आठवड्या-दहा दिवसांत संपव.

दुसरी, व्हिनेगरातलं. कांदा, बीट, काकडी, ओल्या मिरच्या. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी, चहाचा दीड चमचा मीठ, चार मिरी, बडीशेप, दालचिनीचा तुकडा. साखर नाही. बीट आणि कांदा स्वतःच गोड असतात, दालचिनी तो गोडवा पुढे आणते. उकळी आणून कोमट होऊ दे, मग फोडींवर ओत, म्हणजे काच तडकणार नाही. व्हिनेगरची बाटली घेताना वाच. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते अॅसेटिक आम्ल पातळ केलेलं असतं. आंबवून केलेलं उसाचं किंवा सफरचंदाचं चवीला बरं. आम्लाचं प्रमाण चार-पाच टक्के असावं, त्यात आणखी पाणी वाढवायचं नाही. यात लसणाच्या पाकळ्या टाकल्यास तर दोन-चार दिवसांत त्या निळसर-हिरव्या पडतील. घाबरू नकोस, लसणातल्या गंधकाच्या संयुगांचा आंबटाशी संबंध आला की रंग बदलतो, खायला काही अपाय नाही. हे दोन-तीन आठवडे टिकतं.

व्हिनेगरबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सकाळी उपाशीपोटी ते प्यायचं खूळ तुझ्या मैत्रिणींमध्ये आहे. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या कॅरल जॉन्स्टन यांनी 2004 साली दाखवलं की पिठूळ जेवणाच्या आधी व्हिनेगर घेतल्यावर इन्सुलिनला दाद न देणाऱ्या लोकांच्या जेवणानंतरच्या साखरेत फरक पडतो. नंतरही असे लहान-लहान अभ्यास झाले. फरक आहे, पण तो जेवणाबरोबरचा आणि माफक आहे. नुसतं पेल्यात ओतून प्यायलीस तर दातांचं आवरण झिजतं, घशाशी जळजळतं. तेच आंबट भाताशेजारी बीट-कांद्याच्या फोडींतून पोटात गेलं तर चवही मिळते आणि चोथाही.

आता तिसरी, मिठाच्या पाण्यातली. कोकणात कैऱ्या आणि आवळे मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, गोव्यातही कोवळ्या कैऱ्या तशाच खारवतात. उत्तरेकडे गाजराची कांजी करतात, तीही याच जातीची. यात व्हिनेगर नाही, लिंबू नाही. आंबटपणा बरणीतच तयार होतो. भाजीच्या सालीवर असलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू भाजीतली साखर खातात आणि आम्ल सोडतात. मीठ त्यांना सोसतं, नासवणाऱ्यांना सोसत नाही. म्हणून इथे मीठ अंदाजाने टाकायचं नाही, काट्यावर मोजायचं. भाजी आणि पाणी मिळून किलोभर भरलं तर मीठ 25 ग्रॅम. चारशे ग्रॅम गाजर, सहाशे ग्रॅम उकळून गार केलेलं पाणी, असं धर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळल्यावर बरंच जातं, नाहीतर तेच आपल्या जिवाणूंना मारतं.

गाजर बोटाएवढं लांब चिर, साल खरवडून काढू नकोस, नुसतं चोळून धू. बरणीत उभ्या फोडी दाटून बसव, मध्ये दोन मिरच्या, आल्याचे काप, चमचाभर भरड मोहरी. वरून मिठाचं पाणी, फोडींच्या वर दोन बोटं. तरीही एखादा तुकडा तरंगतोच आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. कोबीचं पान घडी करून वर दडप, त्यावर काचेची छोटी वाटी ठेव. तोंडाला दादरा बांध किंवा झाकण सैल लाव. आंबेपर्यंत बरणी फ्रीजबाहेर ताटलीत ठेव, खार उतू जातो.

पहिल्या दिवशी काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशी काचेच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात, बरणी हलवली की ते फोडींमधून वर येतात. खार गढूळ होतो. तो गढूळच व्हायला हवा. तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर कच्च्या गाजराचा वास गेलेला असतो आणि ताकासारखा आंबट वास येतो. थंडीत पुण्याला चार-पाच दिवस लागतील, एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांत काम होईल. रोज कोरड्या चमच्याने चाखायचं. आंबटपणा मनासारखा झाला की फ्रीजमध्ये, तिथे आंबणं अगदी मंदावतं. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो एक प्रकारच्या यीस्टचा असतो. चमच्याने काढून टाक, चव बघ. पण हिरवी, काळी, गुलाबी, केसाळ बुरशी दिसली, फोडी बुळबुळीत झाल्या, वास सडका आला, तर वरचं काढून खालचं खाऊ नकोस. सगळी बरणी फेकायची. आपल्या घरात अन्न टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे, तरीही फेकायची.

एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. नुसता लसूण किंवा मिरची तेलात बुडवून बाहेर ठेवायची पद्धत आता फार पसरली आहे. तेलाखाली हवा नसते आणि आंबट नसेल तर बोटुलिझमचा जिवाणू तिथे विष तयार करू शकतो. वास, रंग काही बदलत नाही. लोणचं पुरेसं आंबट, म्हणजे पीएच 4.6 च्या खाली असेल, तर तो जिवाणू वाढत नाही. म्हणून लसणाला आंबट हवंच, लिंबू किंवा व्हिनेगर भरपूर, आणि बरणी फ्रीजमध्ये.

या तिसऱ्या लोणच्याचा पोटाला उपयोग काय? स्टॅनफर्ड विद्यापीठात 2021 साली 36 जणांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाने दहा आठवडे दही, केफिर, किमची, आंबवलेल्या भाज्या भरपूर खाल्ल्या. त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातल्या दाहाच्या काही खुणा कमी झाल्या. ते पीसीओएसचे रुग्ण नव्हते आणि ते आंबवलेलं दिवसातून अनेकदा खात होते. म्हणून मी एवढंच म्हणते की घरचं ताक आणि या चार फोडी रोज असाव्यात. व्हिनेगरच्या लोणच्याला हा गुण नाही. त्यात आंबट बाहेरून आलेलं असतं, जिवाणूंनी केलेलं नसतं. आणि मिठाच्या पाण्यातलं लोणचं उकळत्या भाजीत टाकलंस तर जिवाणू मरतात, म्हणून ते वरून, गार घे.

किती खायचं? चाळीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच बोटं गाजर. वरच्या मापाने त्यात साधारण ग्रॅमभर मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचा धर; त्यातला पाचवा हिस्सा इथेच गेला. त्या दिवशी पापड नको, भाजीत मीठ बेताने. तुझ्या आईला मात्र निम्मं वाढ. पाळी थांबल्यावर रक्तदाब आणि हाडं दोन्ही बघावी लागतात, आणि जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. अंगातून वाफा येत असतील तर तिच्या बरणीत मिरचीही कमी टाक.

थायरॉइडचं तुझ्या मोठ्या बहिणीला सांग. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी थायरॉइडला चालत नाही असं ऐकून तिने सगळंच सोडलंय. हे पदार्थ आयोडीनच्या वापरात अडथळा आणतात, पण तो प्रश्न आयोडीन मुळात कमी असताना आणि कच्चं खूप खाल्ल्यावर येतो. चार फोडींनी काही होत नाही. उलट सैंधव चांगलं म्हणून घरातलं आयोडीनयुक्त मीठ बंद करणं मला जास्त काळजीचं वाटतं. आपल्या देशात 1962 सालापासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम चालू आहे तो याच मिठाच्या जोरावर. मिठाच्या पाण्यातलं लोणचं आयोडीनच्या मिठातही व्यवस्थित आंबतं, मी तेच वापरते. तिची गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोणचं, चहा, दूध सगळं त्यानंतर.

पाळीत तुझा रक्तस्राव जास्त होतो, म्हणून लोहाकडे बघ. मेथी, चवळीची पालेभाजी, मसूर, अळीव यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की मिळतं. आवळा आणि लिंबू इथे खरे कामाला येतात. लोणचं जितकं ताजं तितकं हे जीवनसत्त्व जास्त. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. तासभर थांब.

पौष-माघात ओली हळद येते तेव्हा पाव किलो घे. साल काढून बारीक काप, त्याच्या निम्मं आलं, चार-पाच लिंबांचा रस, चहाचे दोन चमचे मीठ, भरड मिरी. मिरी वगळू नकोस, तिच्यातल्या पायपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगी लागतं. जेवणात दोन-तीन काप पुरेत. हात दोन दिवस पिवळे राहतील, विळीवर तेलाचं बोट आधी फिरवलंस तर ती पटकन पुसली जाते.

दिवस राहिले तर मला आधी कळव आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय न शिजवलेलं, घरी आंबवलेलं लोणचं खाऊ नकोस. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि त्या काळात तो जड जातो. डॉक्टरांनी दिलेली गोळी लोणचं सुरू केलं म्हणून बंद करायची नाही आणि तीन महिने पाळी आली नाही तर थांबून बघायचं नाही, दाखवून यायचं.

बरणी संपत आली की तळाशी खार उरतो. त्यात नवीन भाजी टाकून दुसरं लोणचं घालू नकोस, आंबट आणि मीठ दोन्ही बरंचसं पहिल्या भाजीने ओढून घेतलेलं असतं. तो खार काकडीच्या कोशिंबिरीत मिठाऐवजी घाल, दाण्याचं कूट आणि कोथिंबीर वरून.